मोजणाऱ्याला हाक मारू नये

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, तिसऱ्या गल्लीत,
शेडचा नंबर विसराल, वॉर्निशचा वास विसरणार नाही,
तिथे माझा कारखाना. सतरा माणसं,
दोन वाइंडिंग मशिनं, एक भट्टी
आणि वडिलांनी लावलेलं घड्याळ,
पाच मिनिटं पुढे, मुद्दाम.

रेवाबेन परमार तांब्याची तार ओढत
ओठातल्या ओठात मोजते.
बासठ, त्रेसठ, चोसठ.
मशीनला काउंटर आहे.
ती म्हणते, "ए तो मशीन छे, बेन. भूली जाय."

त्या मंगळवारी मी काचेच्या केबिनमधून ओरडले,
"रेवाबेन, करजणवाल्यांचं चलन कुठंय?"
तिनं मान वर केली, कपाटाकडे बोट दाखवलं,
पुन्हा मान खाली.
तीन सेकंद. चार म्हणा.

अकराव्या दिवशी ट्रान्सफॉर्मर परत आला,
टेम्पोच्या भाड्यासकट, गिऱ्हाइकाच्या शब्दांसकट.
तिसऱ्या टॅपला रेशो चुकलेला.
कॉइल उलगडली. केयूरनं मोजली,
मग इम्तियाजनं, मग मी, मराठीत.
टॅपिंग चार फेरे उशिरा निघालं होतं.

सगळ्यांना उभं केलं मी.
काय बोलले ते इथे लिहीत नाही.
"जबाबदारी" सहा वेळा आलं, असं इम्तियाज नंतर म्हणाला.
मोजायची सवय लागलेली माणसं.
रेवाबेन गप्प. हात पुसून
तिनं थरांची वही पुढे सरकवली.
अठराव्या थरासमोर पेन्सिलीनं, मोठ्या गुजराती अक्षरात:
३.१०. बेने बोलावी.
आणि पानाच्या तळाशी, त्याच तारखेची, माझी सही.
न वाचता केलेली,
लांबलचक, शेपटीवाली.

अलकापुरीतल्या हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर केलं होतं मी,
नेतृत्वाचं. फाइलवर सिंह होता.
उंधियू चांगलं होतं.
आवाज पोटातून काढा, म्हणाले होते,
शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे.
पोचला की.

मालपरतीच्या रजिस्टरात "कारण" असा रकाना आहे.
तिथं आजवर माणसांची नावं लिहायचो आम्ही.
मी लिहिलं: मी हाक मारली.
सतराजणांनी पाहिलं. कोणी काही बोललं नाही.
भट्टीचा पंखा तेवढा फिरत होता.
मग रेवाबेन म्हणाली, "चा ठंडी थाय छे."

आता मी पिवळ्या पट्टीपाशी उभी राहते, थर संपेपर्यंत.
शहाऐंशी फेरे.
कधी खिशात बँकेचा फोन थरथरतो,
कधी दारात रिक्षा ताटकळते,
कधी मला स्वतःचाच राग येतो,
मालकीण असून शाळेतल्या पोरीसारखी उभी.
पण उभं राहिलं की दिसतं.
दुसऱ्या मशीनचं बेअरिंग कण्हतंय.
इम्तियाज ओझं फक्त डाव्या खांद्यावर घेतो.
आणि पादऱ्याहून येणाऱ्या निमिषाच्या डोक्यावरचा पंखा बंद आहे.
"कधीपासून?"
"दोन उन्हाळे, बेन."
दोन उन्हाळे मी त्या पंख्याखालून
ताठ मानेनं जात होते.

सही आखूड झालीय माझी.
वाचून करावी लागते, शेपटीला वेळ उरत नाही.
ओरडणं गेलं असं नाही.
गेल्या महिन्यात भट्टीवरून ओरडलेच,
संध्याकाळी जाऊन केयूरला सांगितलं, चुकलं.
तो इतका लाजला की मलाच कसंनुसं झालं.

काल सात तारीख. पगाराच्या नोटा मोजत होते,
रोख मागणारे अजून चारजण आहेत.
नवा पोरगा धावत आला, फोन हातात उंच धरून,
"मॅडम, हालोलहून! मोठी ऑर्डर आहे, आत्ताच बोला म्हणतात!"
रेवाबेननं मशीन थांबवलं नाही.
नुसता डावा पंजा आडवा धरला
त्याच्या छातीसमोर.
"ऊभो रे," ती म्हणाली,
"बेन गणे छे."