झारेकरीण

पहाटे पाचला, गुजरीची शटरं वर जायच्या आत
आई पायऱ्यांच्या कपारी झाडायची.
माती, विड्यांची थोटकं, एखादं फुटकं बटण,
आणि त्यातच कुठंतरी कानशीनं उडवलेला,
सराफाच्या नजरेतून निसटलेला कण.
घमेल्यात पाणी, मनगटाला हेलकावा,
जड तेवढं तळाला. मग पारा, मग शेगडी.
महिन्याकाठी एक मणी, मुगाएवढा.
"सोनं लपत न्हाई," म्हणायची, "बगणारा पायजे."

सागरमाळावरच्या प्रयोगशाळेत
मी तिचंच काम उलटं करते.
तेजाबात विरलेलं सोनं उकळत ठेवते,
त्यात लिंबाच्या आंबटाचं मीठ.
पिवळं पाणी आधी रंग सोडतं,
मग काळवंडतं, रुसल्यासारखं,
आणि बघता बघता लाल,
जास्वंद कुस्करावी तसं.

"ह्ये सोनं?" आईनं बाटली उजेडाला धरली होती.
"धुऊन दाखीव."
धुता येत नाही, आई. पंधरा नॅनोमीटर.
तुझ्या एका मुगात असे किती
याचा आकडा माझ्या वहीत आहे,
तो मोजायला बोटं मात्र कुणाकडंच नाहीत.

शुक्रवारी उंदराच्या शेपटीतून ते सोडलं.
पडद्यावर करड्यात करडं, करड्यात करडं,
आणि बरगडीखाली, जोंधळ्याएवढी गाठ
पांढरीफेक,
क्ष-किरण अडवून उभी.
कुणी बोललं नाही.
मगदूम सरांनी सगळ्यांना चहा सांगितला.

आईचाही सीटी झाला, दिवाळीनंतर.
पाऱ्याच्या वाफेनं मूत्रपिंडं आधीच थकलेली,
आयोडिन देता आलं नाही.
रिपोर्टावर एक ओळ: कॉन्ट्रास्टविना.
करड्यात करडं.
डॉक्टर म्हणाले, असेल. नसेलही.
माझं सोनं अजून उंदरांचं आहे.
माणसापर्यंत कधी येईल, मला विचारू नका.

रात्री तिला उंदराचं सांगितलं.
उशीवर कलती होऊन तिनं सगळं ऐकलं,
मग हिशेबाचं तेवढं विचारलं:
"आणि परत कसं काढतीस?"
नाही काढत. यकृतात राहतं. महिनोन् महिने.
"ऱ्हातं?" ती उठूनच बसली.
"मग मेलेली उंदरं टाकतासा कुठं?"
जाळतो.

बराच वेळ तिची बोटं
गोधडीवरचं काहीतरी निवडत राहिली.
"आणि राख," ती म्हणाली,
"राख कोण झाडतं?"