बाविसावी भिंत

चौरस फुटाला नऊ रुपये.
रंग माझा, मजकूर त्यांचा :
'जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान सुरू करावे.'
चोपडा तालुक्यातल्या एकवीस भिंतींवर
मी हे उतरवलं, एकही वेलांटी न चुकता,
खाली कोपऱ्यात बारीक : गफूर पेंटर, अडावद.
वाचायला कुणी थांबलं नाही.
बकऱ्या तेवढ्या अंग घासून गेल्या
ओला निळा रंग पाठीवर घेऊन.

बाविसावी भिंत उखर्डू आबाच्या खळ्याची.
केळीचा ट्रॅक्टर गेला, धूळ बसली,
आणि आबाची म्हातारी काठी टेकत आली, धुडकीमाय.
'काय लिखी ऱ्हायना रे भाऊ?'
मी वाचून दाखवलं.
'हाई कोनती बोली शे?
आम्हना घरमा त कोनी असं बोलत नही.'

मग ओट्यावर टेकली.
उखर्डूच्या आधीची तीन गेली, म्हणाली.
सासू चीक पिळून काढायची, बाभळीच्या बुडाशी ओतायची,
आणि तीन दिवस गूळपाणी, कापसाच्या बोळ्यानं.
चौथा झाला तो उकिरड्यावर ठेवून उचलला,
नावही तेच ठेवलं,
मरणाला वाटावं, हे तर टाकलेलंच आहे.
तिचं स्वतःचं नावही तसंच पडलेलं.

दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरची नावं, निवडणुकीचे फलक,
वीस वर्षं मी हीच नावं रंगवतोय :
उखर्डू, धुडकू, भिका, दगडू.
गाव आधीपासूनच लिहीत होतं की.
मी नुसता रंग भरत होतो.

'गायना चीक वासराले,
मंग मायना चीक पोऱ्याले का नही?'
काठीनं भिंत ठोकून म्हणाली, 'हाई लिख.'

लिहिलं. मोठ्या अक्षरांत.
संध्याकाळी हंडे घेऊन बाया थांबल्या.
आबाची नातसून, दिवस भरत आलेली,
अक्षराखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचून गेली
आणि 'पोऱ्याले'पाशी थांबून म्हणाली,
'पोरले बी लिखा ना, दादा.'
जागा नव्हती. वरच्या बाजूला तिरकं घातलं.

साहेबांनी फोटो काढला. मजकूर मंजूर नाही.
बिलातून एक भिंत वजा : तीनशे साठ.
चुन्याचा हात मारून पुन्हा लिहा.

चुना आणलाय. डबा सायकलला तसाच टांगलेला.
काल तिला मुलगी झाली.
म्हणे, पाळण्यात घालायच्या नावावरून घरात भांडण चाललंय,
आणि उकिरड्याकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.