अस्तर

मागच्या जानेवारीत लेकीने मला सोल दाखवलं.
राजवाड्याचं दार, पहारेकऱ्यांची बदली,
टेकडीवरच्या मनोऱ्याच्या कठड्याला
प्रेमिकांनी लावलेली हजारो कुलपं.
माझा कोपर धरून ती चालायची,
मी तिचा धरायचे तसा, एके काळी, रस्ता ओलांडताना.
परतीच्या स्टेशनात मी तिकिटाचं कार्ड हरवलं.
यंत्रात टाकलं की पाचशे वॉन परत मिळतात म्हणे.
"आई, एक वस्तू सांभाळता येत नाही तुला?"

यंदा तिला म्हटलं, तू जा तुझ्या प्रयोगशाळेत.
सहा नंबरची गाडी धरली
आणि जिथे फोटो काढणारं कुणी उतरेना
तिथे उतरले. छांगशिन.

उणे अकरा.
चढ असा, की घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी.
वर डोंगराचा अर्धा भाग नाहीच,
कापून नेलेला, फार पूर्वी, खाली शहर बांधायला.
उरलेल्या कड्याच्या टोकाशी कुणाचं तरी वाळत घातलेलं धुणं,
गोठून पापडासारखं ताठ.

मोटारसायकली येतात तेव्हा माणूस दिसत नाही,
कापडाचे तागेच उतार उतरत येतात, भुंकत.
तळघराच्या प्रत्येक खिडकीतून एक नळी बाहेर,
आत इस्त्री दाबली की गल्ली फुस्स करते.
मला आधी वाटलं, भात शिजतोय.
एका अंगणात पर्सिमनचं झाड, निष्पर्ण,
शेंड्यावर चार फळं तेवढी ठेवलेली.
मॅगपायसाठी, पाखरांच्या वाट्याची,
असं नंतर कळलं.

नंतर म्हणजे मालसूनबाईंकडे.
माझ्या कोटाचा खिसा आतून फाटलेला
त्यांनी दारातूनच हेरला, मी काही बोलायच्या आत.
ग्वाक मालसून. वय एकाहत्तर. शिलाईयंत्र तिशीतलं.
फोनमधला दुभाष्या मध्ये बसवून
आम्ही दोघी तुटक तुटक बोललो.
मालसून म्हणजे काय? तर शेवटची.
चौथी मुलगी. आता पुरे, या अर्थी.
मी म्हटलं, आमच्या वर्गात एक होती, नकुशी.
दुभाष्याला ते जमलं नाही,
त्याने काहीतरी भलतंच सांगितलं असावं,
पण बाई मशीनवरचा पाय उचलून
माझ्याकडे नीट बघत राहिल्या.
मग भाजलेलं रताळं मोडून अर्धं मला दिलं.

तेवढ्यात प्यो नावाचा गृहस्थ आला,
अठरा बाह्या घेऊन गेला. नुसत्या बाह्या.
अंग दुसऱ्या गल्लीत, गळे तिसऱ्या,
बटणं कुठे लागतात हे बाईंनाही ठाऊक नाही.
रात्री खालच्या बाजारात सगळं एकत्र येतं,
सकाळी दुकानात.
चाळीस वर्षांत पूर्ण कपडा
त्यांनी फक्त आपल्या मुलाच्या लग्नात शिवला.
हे त्या तक्रारीच्या सुरात नाही म्हणाल्या.
दोरा दातांनी तोडत म्हणाल्या.

अस्तर उसवलं, हात कोपरापर्यंत आत घातला
आणि कोटाच्या तळातून एकेक वस्तू काढून
टेबलावर मांडली, पंचनाम्यासारखी:
सुपारीचं खांड. अर्धी बडीशेप. देवळातला अंगारा, पुडीसकट.
आणि ते कार्ड.
वर्षभर मी ते अंगावर वागवत होते,
पुण्यात, नाशकात, दोन लग्नांत, एका दहाव्याला.

शिवणीचे पैसे घेतले, अगदी मोजून.
रताळ्याचे नाहीत.
कार्ड माझ्या हातावर आपटून बजावलं,
स्टेशनात जाऊन आधी आपले पाचशे सोडव.

यंत्राने जरा विचार केला.
मग नाणं टाकलं, एकच,
त्यावर उडणारा सारस.
मी ते नव्या खिशात ठेवलं,
जिन्यावर चार पायऱ्या चढून पुन्हा चाचपलं.
होतं.

संध्याकाळी लेक चष्मा कपाळावर चढवत म्हणाली,
एवढ्या थंडीत होतीस कुठे दिवसभर?
मी कोट खुंटीला लावला, अस्तर तिच्याकडे करून.
म्हटलं, वसुलीला गेले होते.