उसनं ऊन

आमच्या राजापूरकडे गरम झऱ्याला उन्हाळे म्हणतात.
खत्तच्या डोंगराखाली हे सांगितलं तेव्हा
दुर्मोहम्मद हसला, म्हणजे इथे वरही उन्हाळा, खालीही.
हेल्मेट काढून त्याने घाम निपटला
आणि पाइपचा पुढचा तुकडा जोडला.

सत्तावीस वर्षं मी भोकंच पाडत आलो.
समुद्रात, वाळूत, दाखवतील तिथे.
काळं लागलं की कंपनी मेंढा कापायची,
पाणी लागलं की शिव्या.
गरम पाण्याच्या किती विहिरी
याच हातांनी सिमेंट ओतून बुजवल्या,
वहीत लिहिलं: कोरडी.

आता तसाच रिग, तसाच चिखल, तीच रात्रपाळी,
आणि हिशाम इंजिनियर तासातासाला विचारतो,
पाणी किती तापलंय, गनीभाई?
एकोणनव्वद म्हटलं
तर बारशाचं बोलावणं करावं तसा
फोनवर कुणाकुणाला सांगत सुटतो.

उम्म खल्फान रोज खजुरीखाली येऊन बसायची.
तिचे गुडघे गावच्या झऱ्याचे जुने गिऱ्हाईक.
एकदाच विचारलं तिने, आमचा झरा आटेल का?
हिशामने नकाशा उलगडला, थर दाखवले,
तुमचा झरा वरचा, हे पाणी खोलातलं.
ती नकाशाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.
मी म्हटलं, आजी, हे उसनं आहे.
एका भोकातून घ्यायचं, ऊब काढायची,
दुसऱ्या भोकातून परत करायचं, थेंबाला थेंब.
अरबीत उसनं मला नीट सांगता येईना.
साखर, शेजारीण, असे हातवारे केले.
ती म्हणाली, वाटी परत आली की बोलू.

तेल मी कधी परत दिलं?
त्यावर माझ्या घराला चिरे लागले,
नाझनीन पुण्याला फार्मसी शिकली.

मंत्रालयाचा माणूस पाटी लावून गेला,
वर्षाला इतके हजार टन कार्बन वाचणार.
रात्री मी कागदावर मांडून बघितलं.
माझ्या एका जुन्या विहिरीने
आभाळात सोडलं तेवढं फेडायला
असे प्लांट किती, वर्षं किती.
तिसऱ्या ओळीला कागद घडी करून खिशात घातला.
शर्टाबरोबर तो धुतला गेला.
बरं झालं, असं म्हणवत नाही.

आणि न निघालेला धूर दाखवायचा कसा?
रिगची ज्योत रात्री पन्नास मैलांवरून दिसायची.
इथे एक पत्र्याची खोली, दोन पाइप.
एकाला हात लावला तर भाजतो,
दुसऱ्यावर दव.
गरम पाण्यातून गारवा कसा निघतो
हे हिशामने तीनदा समजावलं, मीठ, वाफ, पोकळी.
मला एवढंच कळलं,
खालचं ऊन वरच्या उन्हाशी भांडतंय
गावच्या दवाखान्यासाठी.

ऑगस्ट. बाहेर सत्तेचाळीस.
रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो
तर शोशम्मा सिस्टर शाल गुंडाळून.
म्हणाली, तुमचंच ना ते यंत्र?
जरा कमी करा हो, थंडी वाजते.

भिंतीवरचा आकडा मी दोन अंशांनी वर केला.
खाली, अडीच हजार मीटरवर,
कुणाला काही कळलं नसेल.
बाकावर उम्म खल्फान गुडघे चोळत बसलेली.
मला बघितलं
आणि तळहाताची वाटी करून
तिने पुढे धरली.