आणि पुत्र

ठाकूरद्वारच्या गल्लीत, छत्र्यांच्या दुकानाशेजारी,
आजोबांनी रंगवलेली पाटी:
दामोदर हरी चुरी आणि पुत्र.
मुलामा, नक्षी, जुन्या वस्तूंची डागडुजी.
पुत्र म्हणजे तेव्हा अण्णा आणि काका.
पुढे अण्णांचे दोन,
एक विम्यात गेला, एक मस्कतला.
उरले मी.

सोन्याचा वर्ख बोटांनी उचलत नाहीत.
उचलला की विरतो, हाताच्या रेषांत जाऊन बसतो.
खारीच्या केसांचा कुंचला गालावर एकदा फिरवायचा,
कातडीचं तेवढंच तेल त्याला पुरतं.
पंखा बंद. खिडकी बंद. श्वासही जरा बाजूला.
रात्री अण्णा जेवायला बसत
तेव्हा डाव्या गालावर सोनं असे,
आणि आई म्हणे, काम झालेलं दिसतंय,
वाण्याचे द्यायचेत.

"सोन्याखाली लाल माती हवीच," ते सांगत,
"तिच्याशिवाय सोनं आजारी दिसतं."
मातीखाली खडू आणि सरस,
त्याखाली कुणा सुताराचं सागवान.
त्याचं नाव आम्हालाही ठाऊक नाही.

मागच्या वर्षी फोर्टातल्या एका पेढीचं छत केलं.
अकरा महिने परांचीवर उताणी.
प्लास्टरची द्राक्षं, एकेक मणी,
कुठला शंभर वर्षांचा, कुठला माझा,
शेवटी शेवटी मलाही सांगता येईना.
साहेब खाली उभे राहून मान दुखेपर्यंत बघत राहिले.
म्हणाले, हे तर पहिल्यासारखंच आहे.
मग बिल बघितलं.
म्हणाले, नक्की काय केलंत तुम्ही?

घरी येऊन अण्णांना सांगितलं.
हात आता थरथरतो त्यांचा, चहाची बशी वाजते.
ती खाली ठेवून हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
आई गेल्यापासून असं हसले नव्हते.
"पास झालीस," म्हणाले.

पाटीवरचा रंग चार पावसाळ्यांत उडतो.
शिडी लावून मीच चढते.
आजोबांचं वळण: च चं पोट जरा मोठं,
र ची शेपटी लांब, खालच्या ओळीला टेकलेली.
छत्रीवाला दर वेळी खालून ओरडतो,
आतातरी बदला की हो ताई, ते पुत्र!
मी उत्तर देत नाही,
दातांत दुसरा कुंचला असतो.
पु चा उकार पुसट झालाय.
तो भरते,
होता तितकाच वाकडा.