सांधा जाड पडला होता

विल्होळीहून आलेले ठोकळे,
राखाडी, दोन पोकळ्यांचे, कडेला अजून क्रशरची कच चिकटलेली.
खैरनार सर म्हणाले, आधी एकेक दाबून बघू.
मी यंत्राचा दांडा फिरवत राहिलो
आणि एकटा ठोकळा चारशे बारा किलोन्यूटनपर्यंत
तोंडातून शब्द न काढता उभा राहिला.

मग केदू पगारेला बोलावलं.
चुंचाळ्याहून सायकलवर, थापी पिशवीत, ओळंबा खिशात.
तीन ठोकळे, दोन सांधे, असे नऊ नमुने.
सर त्यांना प्रिझम म्हणतात,
केदू म्हणाला, ही तर भितीची पोरं.
लॅबमागच्या ओट्यावर त्याने ती एका दिवसात चढवली.
सहास एक मसाला, फक्त मधल्या तिघांत तीनास एक.
सरांना पाहायचं होतं, सिमेंट वाढवून काय पदरात पडतं.

अठ्ठावीस दिवस मी गोणपाट भिजवत होतो.
निफाडला पारा पाचावर आल्याची बातमी होती त्या सकाळी
पाणी ओतताना बोटं माझी राहिली नाहीत.
थंडीत सिमेंटही सावकाश उठतं.

एकोणतिसाव्या दिवशी केदू दारात. मजुरी तर केव्हाच चुकती झालेली.
"तीस वरसं भिती बांधल्या सायब,
एक बी मोडताना पाह्यली नही. पाहू द्या."
जाळीमागे स्टूल दिलं. बसला नाही.

शंभर.
दीडशे.
एकशे सत्तरला आवाज,
शेजारच्या खोलीत कुणी सुपारी फोडावी तसा,
आणि अरुंद बाजूने केसाएवढी रेघ वरून खाली,
सांध्याला न विचारता तिन्ही ठोकळ्यांतून.
केदूला वाटलं होतं, आधी मसाल्याचा भुगा होईल.
मऊ तर तोच.

सरांनी फरशीवर खडूने काढून दाखवलं:
मसाला दबतो, दबला की बाजूला पसरू पाहतो,
ठोकळा त्याला धरून ठेवतो
आणि धरता धरता स्वतः ताणला जातो.
वजनाने चिरडत नाही रे तो,
ओढाताणीने फाटतो.

केदू खडूच्या बाणांकडे बघत राहिला.
"मंग मसाला वाचतो?"
वाचतो. एकटा असता तर कधीच गेला असता.

दोनशे छप्पन्नला दोन्ही दर्शनी बाजू
कवाडं उघडावीत तशा बाहेर पडल्या.
मधला पडदा क्षणभर उघडाच उभा.
मग तोही.

तीनास एकवाले: दोनशे चौऱ्याहत्तर, दोनशे ऐंशी, दोनशे एकोणसत्तर.
सिमेंट दुप्पट, ताकद चिमूटभर.
सरांनी पेनाचं टोपण चावलं.

शेवटच्या तिघांतला पहिला एकशे अठ्ठ्याण्णवलाच गेला. दुसराही तिथेच कुठेतरी.
ठोकळे खराब निघाले, सर म्हणाले, बाद करा हे.
मी वहीत 'बाद'चा ब काढला असेल नसेल,
"ठोकळ्यांला दोष देऊ नका," केदू म्हणाला.
"सांजच्याला बांधले हे. नळाला पाणी सुटायची येळ व्हती.
सांधा जाड पडला माझा."

सरांनी पट्टी लावली. हवा होता दहा मिलिमीटर, भरला अठरा.
जाड थर जास्त पसरतो, जास्त ओढतो.
सर एकदम खूश, त्यांना शोधनिबंधाचं प्रकरण मिळालं होतं.
मी ब खोडला.

केदू बोटांवर काही मोजत होता.
"जेल रोडची ती बिल्डिंग," म्हणाला, "चौथा मजला, मागची भित.
तव्हा बी पाणी सुटायचं व्हतं."
अरे, तिथे भार कॉलम घेतात, सर म्हणाले, तू कशाला घाबरतोस?
"घाबरत नही."

मी मलबा घमेल्यात भरत होतो.
त्याने एक सांधा उचलला,
दोन्ही अंगांना ठोकळ्याच्या कपच्या घट्ट धरून बसलेला.
अंगठा लावून जाडी पाहिली,
कॅरियरला बांधला.

कॉलेजच्या फाटकातून चुंचाळ्याला डावीकडे वळतात.
तो उजवीकडे वळला.