छाट

रजिस्टरच्या खोलीत पंखा आहे, वारा नाही.
एप्रिल. दुपारी दोनला अख्खं सोलापूर
दार लोटून आत बसलेलं.
मी फोन लावत असते.
तीनशे बारा बायका, प्रत्येकीपुढे एक तारीख
आणि एक रकाना. शून्य किंवा एक.
एक म्हणजे गेली.
शून्य म्हणजे काय, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आलेख म्हणतात त्याला, पण तो जिना आहे,
खाली जाणारा. कुणी गेली की एक पायरी.
मधल्या सपाट जागेत
काहीही न होता महिनोन् महिने
कुणीतरी भाकऱ्या थापत असतं.
त्याच सपाटीवर बारीक उभ्या खुणा,
टाचण्या खोचल्यासारख्या:
या बायका इथवर दिसल्या. पुढचं ठाऊक नाही.

राजव्वा म्याकल. एकोणपन्नास. विडी घरकुल.
डावी बाजू, काखेत तीन गाठी.
चौदाव्या महिन्यानंतर फोन बंद.
शेजारणीचा नंबर कुण्या रिक्षावाल्यानं उचलला.
मी टाचणी खोचली.
सर म्हणाले, अशा नोंदी फेकायच्या नसतात,
जेवढे दिवस दिसली तेवढे दिवस ती धरायची.
गणिताला एवढी रीतभात असते
हे मला माहीत नव्हतं.

आणि गुरुवारी ती दारात. दाखला पाहिजे म्हणून.
फोन?
"नातवानं पाण्याच्या बॅरलात टाकला की ओ.
मी सिरसिल्ल्याला, लेकीकडं.
एक बाळंतपण, मग दुसरं."
केस परत आलेले, कुरळे, आधी नव्हते तसे.
पडद्यावरचा जिना तिनं बराच वेळ पाहिला.
तंबाखूनं पिवळं झालेलं बोट
एकेका पायरीवर ठेवत खाली आली.
"आमच्या कारखान्यासारखंच हे.
हजार वळून न्यायच्या, चेकर मोजतो.
यात छाट किती, मॅडम?"
छाट नाही, मी म्हटलं. इथं कुणीच छाट नाही.
ती हसली.
"चेकर पण असंच म्हणतोय.
पैशाच्या वेळी कापतोय."

ती गेल्यावर मी चौदाचे सदतीस केले.
शून्य शून्यच राहिलं.
पुन्हा चालवलं. तिची टाचणी उजवीकडे सरकली,
आणि मधे, एकविसाव्या, सव्विसाव्या,
तेहेतिसाव्या महिन्यात ज्या गेल्या
त्यांच्या पायऱ्या केसभर बुटक्या झाल्या.
कुणीही परत आलं नव्हतं.
फक्त भागाकारात, रेघेखाली,
एक बाई वाढली होती.

टेबलावर तिचा अर्ज. सही राहिलीय.
खिडकीतून दिसते ती, डोक्यावर पदर घेऊन
फाटकापाशी रिक्षा ठरवताना.
हाक मारली तर ऐकू जाईल.
या उन्हात तिला पुन्हा यायला लावणं
बरं नव्हे, कळतं मला.
मी अर्ज घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवते.